चार फुटी चाकोरी

तासगाव भागात कुणी नवी बाग धरायची म्हटली, की पारावर पहिली चर्चा वाणाची होते. तास-ए-गणेश धरायची, सोनाका धरायची की आणखी काही. बेदाण्याला काय चालतं, बाजाराला काय चालतं. मग पाण्याची. ट्रॅक्टरचा विषय शेवटी निघतो, तोही थट्टेवारी, ‘आता दारात छोटा ट्रॅक्टर उभा राहणार तर’ अशा सुरात. रानात मात्र हा क्रम उलटा असतो. रोपं यायला अवकाश असतो, त्यावर हव्या त्या वाणाचं कलम भरायला त्याहून जास्त. पण दोन ओळींत किती फूट सोडायचे हे आखणीची दोरी ताणायच्या दिवशीच ठरवावं लागतं. आणि ते ठरवतो ट्रॅक्टर.

इथे नुसतं बाग म्हटलं की ती द्राक्षाची. तीत फिरणारा ट्रॅक्टर रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत जाणाऱ्या ट्रॅक्टरपेक्षा वेगळा. रुंदीला साडेतीन-चार फूट, वजनाला पाऊण टनाच्या आसपास, बहुधा पंधरा ते सत्तावीस अश्वशक्तीचा. महिंद्राचा ‘युवराज’, राजकोटचा ‘कॅप्टन’, ‘व्हीएसटी’, ‘कुबोटा’, अलीकडे ११ अश्वशक्तीचा ‘स्वराज कोड’. गावात त्यांची ओळख नावानंच. ‘युवराज बोलावलाय’ म्हटलं की कोणी मागं वळून राजपुत्राला शोधत नाही. बागेसाठी घेतलेल्या पुष्कळ ट्रॅक्टरांचा सायलेन्सर वर आकाशाकडे नसतो, खाली आडवा नेलेला असतो, कारण वर वेलीची पानं असतात आणि गरम धूर त्यांना करपवतो. ड्रायव्हर तारांखालून जाताना मान इतक्या सवयीनं खाली घालतो, की बागेबाहेर आल्यावरही काही वेळ तो तसाच वाकून बसलेला दिसतो.

मी ज्या रानाबद्दल लिहितो आहे ते एक एकराचं. वर्षानुवर्षं ऊस, मधे कधी सोयाबीन, हरभरा. मालक साठीच्या पुढचे. सगळे त्यांना आबा म्हणतात. मुलगा तिशीतला, हिशेबाला पक्का. ऊस काढून बाग धरायचा निर्णय मुलाचा, आणि ‘मग नीट धरायची’ ही अट आबांची. घरी एक पंधरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आधीपासून आहे, शेजारच्या जुन्या बागेसाठी घेतलेला. त्यामुळे मुलाचं म्हणणं सरळ होतं: आपलाच ट्रॅक्टर, आपलाच रोटर (रोटाव्हेटर), चार पाळ्या मारू, रान भुसभुशीत झालं की आखणी.

आबांनी त्याला ट्रॅक्टरवर बसू दिलं नाही. आधी एक पातळ लोखंडी सळई आणायला लावली. वाफशावरच्या रानात ती हातानं दाबली, तर पाच-सहा इंच लोण्यात जावी तशी गेली आणि तिथं अडली. पुढं दोन्ही हातांनी भार दिला तरी हलेना. दहा पावलांवर पुन्हा तेच. मग एक खड्डा घेतला, तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. त्याच्या भिंतीकडे पाहिल्यावर सळईला बोलायचं काही उरलं नाही. वरची पाच-सहा इंच माती काळी, मोकळी. तिच्याखाली तळहाताएवढ्या जाडीचा एक चकचकीत, दबलेला थर. त्याखाली पुन्हा बरी माती आणि मग पिवळसर मुरूम. उसाच्या जुन्या मुळ्या त्या थरापर्यंत सरळ आलेल्या आणि तिथून आडव्या वळलेल्या.

हा थर कोणी केला? शेजारीपाजारी म्हणाले, जड ट्रॅक्टरांनी, उसाच्या ट्रॉल्यांनी. ते खरंच आहे, पण अर्धंच. ट्रॉल्यांनी दबलेली माती चाकांच्या पट्ट्यात सापडते आणि खोलवर जाते. हा थर रानभर एकसारखा होता, एकाच खोलीवर, जणू पट्टी लावून ओढलेला. तो रोटरचा होता. म्हणजे छोट्या ट्रॅक्टरचाही.

इथे थोडं गणितात शिरावं लागेल. छोट्या ट्रॅक्टरला जोर कमी असतो असा सर्वसाधारण समज आहे. आबांचं मत वेगळं. ते म्हणाले, “जोर कमी न्हाई त्येचा. बूड हलकं हाय.” कृषी अभियांत्रिकीचं आख्खं प्रकरण त्यांनी एका वाक्यात संपवलं होतं. एक फाळाचा पलटी नांगर घ्या. फूटभर रुंद आणि नऊ इंच खोल तास काढायची, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर बाय २२ सेंटिमीटर, ६६० चौरस सेंटिमीटर मातीचा काप. भारी काळ्या जमिनीत वाफशावर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा ते पाऊण किलो ओढ धरली, तर नांगराला सव्वाचारशे किलोच्या आसपास ओढ लागते. ताशी चार किलोमीटर वेगानं एवढं ओढायला अश्वशक्ती लागते सहा-साडेसहा. इंजिन पंधराचं आहे. वाटेत गिअरमध्ये आणि चाकात काही हरवली तरी पुरून उरते. पण ओढ चाकांनी मातीला धरून द्यायची असते, आणि मागच्या दोन चाकांवर चालणारा ट्रॅक्टर सुट्या मातीत आपल्या वजनाच्या चाळीस-पन्नास टक्क्यांहून जास्त ओढू शकत नाही. ट्रॅक्टर ७८० किलोचा असेल तर झाले तीनशे ते चारशे किलो. इंजिन तयार असतं आणि चाकं जागच्या जागी फिरतात. चाकांच्या ट्यूबमध्ये पाणी भरा, पुढं मागं वजनी प्लेटा लावा, चारी चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर घ्या, थोडा फरक पडतो. पण बाग अरुंद, म्हणून ट्रॅक्टर अरुंद, म्हणून हलका. या साखळीतून सुटका नाही.

रोटरला मात्र हे बंधन नाही. त्याची पाती ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर फिरतात, शाफ्टचे मिनिटाला ५४० फेरे, पात्यांचे गिअरमधून उतरून दोनशेच्या आसपास. इंजिनची ताकद चाकांतून न जाता थेट पात्यांत जाते. शिवाय पाती चाकांच्याच दिशेनं फिरत असल्यानं ती ट्रॅक्टरला मागून पुढं ढकलतात. हलक्या ट्रॅक्टरला याहून सोयीचं अवजार नाही. त्यामुळे ज्याच्या दारात छोटा ट्रॅक्टर आला त्याच्या दारात रोटर आला, आणि ज्याच्याकडे रोटर आला त्याची नांगरट थांबली. एका फेरीत ढेकळं फुटतात, धसकटं कापली जातात, रान गादीसारखं दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, काय मशागत आहे! पात्यांचं टोक मात्र दर वेळी त्याच पाच-सहा इंचांवर येऊन घासतं. माती जराशी ओली असली तर ती तिथं कापली जात नाही, सारवली जाते. वर्षाला दोन-तीन वेळा, दहा-बारा वर्षं. आबांच्या खड्ड्यातला चकचकीत थर तो हाच.

या पट्ट्यात नवीन अवजाराबद्दल संशय घ्यायची परंपरा चांगली जुनी आहे. इथून जवळच, पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींकडून मिळालेल्या माळावर कारखाना आणला, तेव्हा त्यांचा लोखंडी नांगर तयार होऊन काही वर्षं झाली होती आणि तो खपवण्याचा खटाटोप चालूच होता. लोखंडानं जमिनीत विष भिनतं असं तेव्हा शेतकरी मानत. लाकडी नांगरानं जमीन चिरली जाते, लोखंडी नांगर ती उलथवतो. काळी आई अशी पालथी घालावी का, हा प्रश्न खुळचट नव्हता. वर्षानुवर्षं पाहून, शेजाऱ्याचं पीक बघून मग लोकांनी नांगर घेतला. रोटरची अशी परीक्षा कोणी घेतली नाही. तो आला तो अनुदानाच्या यादीतून आणि शोरूमच्या दारातून, ट्रॅक्टरबरोबरचा पाहुणा म्हणून. त्याच्या पात्यांखाली काय होतं हे बघायला कोणी खड्डा घेतला नाही. मला तर वाटतं, शंभर वर्षांपूर्वीच्या त्या हट्टी शेतकऱ्यांचा थोडा हट्ट आज उपयोगी पडला असता.

आबांनी ठरवलं ते असं. छोटा ट्रॅक्टर घरी. एप्रिलमध्ये रान पूर्ण वाळलं की पन्नास अश्वशक्तीचा मोठा ट्रॅक्टर भाड्यानं आणायचा, आधी सबसॉयलर, मग पलटी नांगर. सबसॉयलर म्हणजे एकच जाड लोखंडी दांडा, टोकाला चोच. तो दीड-दोन फूट खोल जातो आणि माती न उलथवता खालूनच फोडतो. यात वेळ महत्त्वाची. रान कोरडं ठणठणीत असेल तर दांडा जाईल तिथं दोन्ही बाजूंना भेगा पळतात, वरून रान उसासा टाकल्यासारखं किंचित उचललेलं दिसतं. ओलं असेल तर लोण्यातून सुरी गेल्यासारखी नुसती फट पडते आणि पहिल्या पावसात बुजते. भाड्याचा ट्रॅक्टरवाला आपल्या सवडीनं यायला बघतो. आबांनी त्याला दोनदा परत पाठवलं, कारण मधे वळीव झाला होता.

नांगरट झाली तेव्हा रानाचं रूप भयंकर होतं. घागरीएवढी ढेकळं. मुलाला राहवेना, रोटर मारून ती फोडली तर काय बिघडलं? पण काळ्या मातीची ढेकळं फोडायला यंत्र लागत नाही. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते; उन्हात तडकलेल्या ढेकळावर जूनचा पाऊस पडला की ते आपोआप विरघळून खडीसाखरेसारखं कणीदार होतं. रोटरनं कोरडं ढेकूळ फोडलं तर होते ती पावडर, आणि पावडरीवर जोराचा पाऊस आला की वर खपली धरते. ती खपली पुढे पाणी मुरू देत नाही. उन्हाळाभर रान उघडं, ओबडधोबड ठेवण्यात आणखी एक हेतू असतो, हराळीचा.

हराळी आणि लव्हाळा ही दोन नावं बागायतदारासमोर घ्यावीत आणि त्याचा चेहरा बघावा. दोन्ही मातीखालून वाढतात, हराळी काशांनी, लव्हाळा गाठींनी. नांगरानं काशा उलट्या पडतात, वैशाखाच्या उन्हात वाळतात, उरलेल्या काशा बायका वेचतात आणि बांधावर ढीग करतात. याच जागी रोटर घातला तर एका काशीचे वीस तुकडे होतात आणि प्रत्येक डोळ्यातून नवी हराळी उठते. आबांच्या रानात वेचायला चार बायका होत्या. त्यातल्या एकीनं मुलाकडे बघून मला सांगितलं, “ह्येंच्या यंत्रानं हराळी मरत न्हाई, पेरली जाती. मग आमाला काम मिळतंय. चांगलंच हाय की.”

जूनमध्ये छोट्या ट्रॅक्टरची पाळी आली, आणि तिथं त्याची खरी किंमत कळली. पहिल्या पावसानंतर ताग पेरायला हलकी कुळवणी त्यानं केली. या वेळी रानात मोठा ट्रॅक्टर घातला असता तर उन्हाळ्यात सोडवलेली माती पुन्हा दाबली गेली असती. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत ताग माणसाच्या छातीशी आला. तो कळीवर असतानाच गाडायचा असतो. आधी मागं फळी बांधून आडवा पाडायचा आणि मग रोटर. हिरवा पाला मातीत मिसळायला रोटरसारखं अवजार नाही, हे आबाही मान्य करतात. पण इथं उशीर चालत नाही. ताग हे मुळात दोरखंडाचं पीक. फुलोऱ्यावर गेला की धागा जून होतो आणि रोटरच्या शाफ्टला गुंडाळून बसतो. शेजारच्या एका रानात आठवडा उशीर झाला होता. तिथला ड्रायव्हर रोटरखाली विळा घेऊन आडवा पडलेला, दर दोन फेऱ्यांनंतर धागे कापतो आहे, आणि ट्रॅक्टर चालू.

हे चालू असणं फार वाईट. रोटर आणि शाफ्ट यांच्या अपघातांत हात-पाय जातात, जीवही जातात, आणि बहुतेक वेळा कारण एवढंच असतं: इंजिन बंद न करता काहीतरी सोडवायला गेलेला माणूस, गळ्यातला टॉवेल, सुटलेला पदर. नव्या शाफ्टवर प्लॅस्टिकचं संरक्षक आवरण असतं. ते पहिल्या वर्षी तुटतं आणि पुन्हा कोणी बसवत नाही. मी पाहिलेल्या ट्रॅक्टरांपैकी बहुतेकांवर मागं ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ होता, आवरण नव्हतं. आबांच्या ट्रॅक्टरवर दोन्ही होतं; आवरण त्यांनी फाटक्या पाइपाचं स्वतः बनवलेलं.

छोट्या ट्रॅक्टरांचा उगम शोधत गेलं तर वाट बहुधा सौराष्ट्रात जाते. राजकोटला पाण्याच्या पंपांची डिझेल इंजिनं बनवणारे कारखाने पूर्वीपासून. तेच इंजिन चाकांवर बसवायला फार कल्पनाशक्ती लागत नाही, धाडस मात्र लागतं. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी नव्वदच्या दशकात बुलेट मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि कुळव बसवला. ‘बुलेट सांती’ म्हणून ते यंत्र देशभर माहीत झालं. तिकडच्या भुईमूग-कपाशीच्या ओळींत फिरण्यासाठी निघालेली ही अरुंद यंत्रं इकडे द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांत पोचली. त्यांच्या आधी जपानी वळणाचे पॉवर टिलर होते, बेंगळुरूच्या व्हीएसटीनं मित्सुबिशीच्या सहकार्यानं आणलेले. भातखाचरांसाठी उत्तम, पण त्यामागं दिवसभर चालावं लागतं. बसायला जागा असलेलं यंत्र मिळाल्यावर चालायला कोण तयार होणार?

एक गोष्ट मोटारींच्या मासिकात येत नाही म्हणून इथं नोंदवायला हवी. महाराष्ट्रातले बरेच छोटे ट्रॅक्टर बागायतदाराच्या नव्हे, तर भूमिहीन किंवा अल्पभूधारक कुटुंबांच्या बचत गटांच्या नावावर आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर मिळतो. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान, १० टक्के गटाचा वाटा. गटात किमान ८० टक्के सदस्य त्या समाजाचे असावे लागतात. स्वतःचं रान नसलेल्या गटाला हा ट्रॅक्टर भाड्यानं चालवावा लागतो, आणि ज्या गावात बागा आहेत तिथंच तो चालतो. कपाशी-तुरीच्या मोकळ्या रानांत लोकांना मोठा ट्रॅक्टर हवा असतो. तिथं हा छोटा ट्रॅक्टर विटा-वाळू वाहतो नाहीतर झाडाखाली उभा राहतो. यंत्र सगळ्यांना एकच देऊन भागत नाही, रानं एकसारखी नसतात. आबांच्या गावातला गट मात्र वर्षभर व्यस्त आहे. त्यांचा ड्रायव्हर तिथला सर्वांत अनुभवी, कारण तो रोज वेगळ्या बागेत वळतो. ओळींच्या टोकाला किती जागा लागते, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही. आखणीच्या वेळी आबांनी त्यालाच बोलावलं.

आखणी झाल्यावर, दिवाळीनंतर चर निघाले. दोन फूट रुंद, दोन फूट खोल, हे काम जेसीबीचं. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती शेणखत आणि सुपर फॉस्फेटसह तळाला. छोट्या ट्रॅक्टरच्या रिजरनं चर बुजवून त्यावर फूटभर उंच बेड ओढले. ठिबक असताना एवढं खोल कशाला, असं विचारणारे होतेच. ठिबकवर मुळं बेडमध्येच राहतात हे बरोबर. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, छाटणीच्या तोंडावर पाऊस कोसळतो तेव्हा पाणी खाली कुठंतरी जायला हवं. ते साचलं की पांढरी मुळी सडते, आणि मग वरून कितीही खतं सोडा. काहीजण चराऐवजी ट्रॅक्टरला ड्रिल लावून खड्डे घेतात. मुरमाड रानात ते चालतं. काळ्या ओल्या मातीत ड्रिल खड्ड्याची भिंत काचेसारखी घोटून टाकतं आणि मुळं कुंडीत लावल्यासारखी आतच फिरत राहतात. मग त्या भिंती कुदळीनं ओरबाडाव्या लागतात. वेळ वाचला तो कुठं?

फेब्रुवारीत डॉगरिजची रोपं लागणार, म्हणजे वेलाची खुंटं. पाण्याचा ताण आणि क्षार सोसणारी. त्यांच्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरायचं. पण ज्या आखणीवरून घरात महिनाभर धुसफूस होती ती त्याआधीची, जेसीबी यायच्या आदल्या आठवड्यातली. बापलेकांचं भांडण एका फुटाचं. मुलगा म्हणे नऊ बाय पाच, आबा म्हणत दहा बाय पाच. मुलाचा हिशेब: एकराचे ४३,५६० चौरस फूट, ४५ चौरस फुटांना एक वेल धरला तर ९६८ वेल, ५० नं भागलं तर ८७१. एका फुटासाठी ९७ वेल सोडायचे? आबांचा हिशेब: वाय आकाराच्या तारांवरून काड्या दोन्हीकडून लोंबतात, ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवेत डाऊनी रोगासाठी फवारणीचा ब्लोअर एक दिवसाआड फिरवावा लागतो, मागं पाच-सहाशे लिटरची टाकी, म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाएवढंच ओझं ओढायचं. ट्रॅक्टर नऊ फुटांत जाईल हो, पण चाक बेडच्या कडेला चढेल आणि सोडवलेली माती पहिल्या हंगामातच पुन्हा दबेल. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच तो वाद मिटत नव्हता.

गटाच्या ड्रायव्हरनं आल्यावर ना नऊचं विचारलं ना दहाचं. तो रानाच्या कडेनं चालत गेला आणि म्हणाला, “ओळी कुठल्या अंगानं धरणार?” रान शंभर फूट रुंद, दक्षिणोत्तर ४३५ फूट लांब. उसाच्या सऱ्या पूर्व-पश्चिम होत्या, पाटाच्या पाण्यासाठी. बेडही तसेच ओढायचे असं सगळ्यांनी न बोलताच धरलं होतं. त्यानं काठीनं बांधाजवळ एक रेघ मारली: ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर एका ओळीतून निघून दुसरीत शिरायला टोकाला पंधरा फूट मोकळे लागतात. दोन्ही टोकांना. मग मुलानं मोबाइल काढला. ओळी पूर्व-पश्चिम धरल्या तर ३० फूट गुणिले ४३५, म्हणजे १३,०५० चौरस फूट, बारा गुंठे नुसते वळायला. दक्षिणोत्तर धरल्या तर ३० गुणिले १००, पावणेतीन गुंठे. वेलांत मोजलं तर आडव्या आखणीत नऊ फुटांनी ४८ ओळी, ओळीत १४, एकूण ६७२. उभ्या आखणीत आबांच्या दहा फुटांनी १० ओळी, ओळीत ८१, एकूण ८१०. मुलाच्या नऊ फुटांनी ११ ओळी, ८९१.

मुलानं आकडे दोनदा तपासले. ९७ वेलांसाठी महिनाभर भांडलेले दोघं आडव्या आखणीत दोनशेवर वेल सोडून द्यायला निघाले होते. उन्हाचंही उभ्या ओळींत चांगलं साधणार होतं, सकाळी पूर्वेकडून, दुपारनंतर पश्चिमेकडून. अडचण एकच, पावसाचं पाणी. उतार पश्चिमेला, म्हणजे बेड त्याला आडवे जाणार आणि मधल्या वाटांत पाणी तुंबणार. त्यावर आबांनी शेवटच्या पंधरा फुटांच्या पट्ट्यातून उतारावर एक चर काढायचा तोडगा सुचवला, आणि ओळींतलं पाणी तिकडं जावं म्हणून टोकाकडे बेडमधल्या वाटांना थोडी ढाळ द्यायची असं ठरलं. ट्रॅक्टर तो चर ओलांडणार कसा, हा प्रश्न ड्रायव्हरनं तिथंच काढला. सिमेंटचा पाइप टाकून वर मुरूम.

आखणी उभीच झाली. अंतर मात्र अजून ठरलेलं नव्हतं. मुलगा नऊवर, आबा दहावर. ड्रायव्हरनं दोघांकडे बघितलं आणि साडेनऊ म्हणाला. साडेनऊनंही दहाच ओळी बसतात, अकरावी बसत नाही, हे मुलाच्या ध्यानात आलं, तोवर आबांनी दहावर खुंटी ठोकली होती.